सामाजिक संशोधन पद्धती आणि पायाभूत संख्याशास्त्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमए, एमएसडब्ल्यू आणि पीएचडीच्या कोर्सवर्कला बसलेले विद्यार्थी दरवर्षी साधारण हेच प्रश्न घेऊन येतात. उत्तरं देताना मी बहुतेक ठिकाणी एकच उदाहरण धरलं आहे: बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांचा अभ्यास. हा विषय कुणी ना कुणी घेतंच, आणि संशोधन पद्धतीतले बरेचसे पेच त्यात आपोआप समोर येतात. हिशेब दाखवण्यासाठी घेतलेले आकडे कल्पित आहेत; तिथे तसं सांगितलं आहे.

दहावीनंतर गणित सोडलं. मला संख्याशास्त्र जमेल का?

जमेल. एमएच्या प्रबंधाला लागणारं गणित म्हणजे बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ. टक्केवारी, सरासरी, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप), काय-वर्ग कसोटी हे सगळं एवढ्यावर भागतं. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. आकडा कशाचा आहे, कुणाकडून आला आहे आणि त्यात कोण सुटलं आहे, हे विचारायची सवय आपल्याला लागलेली नसते. ती सवय लागली की सूत्रं महिन्याभरात हाताखालून जातात. एकदा तरी दहा आकड्यांचं प्रमाण विचलन कागदावर, हाताने काढा. मग संगणकाने दिलेल्या उत्तराची भीती वाटत नाही.

विषय पक्का आहे, तरी गाइड म्हणतात, “प्रश्न कुठे आहे?” म्हणजे काय?

“ऊसतोड कामगारांच्या समस्यांचा अभ्यास” हा विषय झाला. त्याचं उत्तर देता येत नाही, फक्त पानं भरता येतात. “आईवडील हंगामाला जाताना मुलांना गावी आजी-आजोबांकडे ठेवतात तेव्हा आणि सोबत नेतात तेव्हा, मुलांच्या शाळेतल्या हजेरीत किती फरक पडतो?” हा प्रश्न झाला. यात कुणाची तुलना करायची ते कळतं, काय मोजायचं ते कळतं, आणि कुठे जायचं तेही कळतं.

माझी एक साधी कसोटी आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या अपेक्षेच्या उलट येऊ शकतं का? येऊच शकत नसेल, तर तो प्रश्न नव्हे, ती तुमची भूमिका आहे. भूमिका असायला हरकत नाही, पण तिच्यासाठी सर्वेक्षणाची गरज नाही.

परिकल्पना, म्हणजे आधी मांडलेला अंदाज, खोटी ठरली तर प्रबंध वाया जातो का?

अजिबात नाही, आणि ही भीती मला फार अस्वस्थ करते, कारण तिच्यापायीच विद्यार्थी आकडे फिरवतात. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएचडी करत होत्या. कवटीच्या दोन बाजूंमधला फरक वंशाशी जोडलेला आहे, अशी फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, असा संबंध दिसला नाही, आणि तसंच लिहिलं. मार्गदर्शकाचं नाव केवढं मोठं, काळ कोणता, हे ध्यानात घ्या. तुमच्यावर त्या मानाने कितीतरी कमी दडपण आहे.

प्रश्नावली कशी तयार करायची? एखादी जुनी घेऊन बदलली तर चालेल का?

जुनी पाहा जरूर, पण तशीच उचलू नका. या प्रश्नाचं उत्तर मी लांबवणार आहे, कारण प्रबंध बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच.

ऊसतोड कुटुंबाला “तुमचं वार्षिक उत्पन्न किती?” असं विचारलं की काय होतं पाहा. हंगामाच्या आधी मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी नेणारा ठेकेदार, ‘उचल’ देतो. ही रक्कम पुढच्या कामावर फेडायची असते. मग ती उत्पन्नात धरायची की कर्जात? घरचा माणूस कधी धरतो, कधी धरत नाही. शिवाय मजुरी टनावर ठरते आणि हिशेब ‘कोयत्या’चा होतो; कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता. आता तुमच्या प्रश्नावलीत “स्त्रीची मजुरी: ____ रुपये” असा रकाना असेल, तर बाई सांगणार काय? तिची वेगळी मजुरी कुणी मोजलेलीच नसते. ती नवऱ्याकडे बघते, तो अंदाजाने एक आकडा सांगतो, तुम्ही तो लिहिता. पुढे त्या आकड्यावर तुम्ही टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी कसोटी) लावता आणि स्त्री-पुरुष मजुरीतला फरक दशांश चिन्हापुढे दोन घरांपर्यंत मांडता. त्या टेबलात खरं म्हणावं असं काही उरलेलं नसतं.

म्हणून तिथे एक रकमी प्रश्न विचारू नका. उचल किती घेतली, हंगाम किती दिवस चालला, परत येताना हातात काय आलं की मुकादमाचं देणं बाकी राहिलं, असं तुकड्या-तुकड्याने विचारा. लोकांना ‘वार्षिक उत्पन्न’ आठवत नाही, हिशेब मात्र आठवतो.

दुसरा नेहमी फसणारा प्रश्न: “तुम्ही काम करता का?” दारात उभी असलेली बाई म्हणते, “नाही हो, घरीच असते.” ती पहाटे दोन म्हशींचं दूध काढते, खुरपायला जाते, सरपण आणते. पण ‘काम’ म्हणजे पैसे मिळणारं काम, असा त्या शब्दाचा अर्थ तिच्या घरात ठरलेला आहे. काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलं, असं विचारलं की चित्र बदलतं. देशात २०१९ मध्ये जे अखिल भारतीय वेळ-वापर सर्वेक्षण झालं, त्यात हीच रीत वापरली: दिवसातल्या वेळेच्या तुकड्यांत काय केलं ते विचारायचं.

आता थोडक्यात. एका वाक्यात दोन प्रश्न नकोत: “रस्ते आणि पाणी यांबाबत समाधानी आहात का?” याला रस्त्यावर खूश आणि पाण्यावर नाराज असलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही. “पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत” अशी पाच पायऱ्यांची लिकर्ट मापनश्रेणी वापरत असाल तर काही विधानं उलटी ठेवा, कारण पाहुण्याला बरं वाटावं म्हणून आपल्याकडे माणसं सगळ्यालाच “हो” म्हणतात. आणि पायलट, म्हणजे प्रश्नावलीची आधीची चाचणी, करा. दहा-पंधरा घरांत, तुमच्या मुख्य गावाबाहेर. पायलटमध्ये एकही प्रश्न बदलावा लागला नाही, असं कुणी सांगितलं की मी तो पायलट पुन्हा करायला लावते.

प्रश्नावली आणि अनुसूची यांत फरक काय?

प्रश्नावली उत्तर देणारा स्वतः भरतो. अनुसूची तुम्ही विचारून भरता. घरोघरी जाऊन तुम्ही लिहून घेत असाल तर प्रबंधात ‘अनुसूची’ लिहा. परीक्षक हे हमखास विचारतात.

नमुना किती घ्यावा? सगळे ३८४ किंवा ३८५ का म्हणतात?

कारण सूत्रातून तो आकडा येतो. ९५ टक्के विश्वासपातळी, ५ टक्के चूक चालेल आणि लोकांची विभागणी कशी आहे माहीत नाही म्हणून निम्मं-निम्मं धरलं, की १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५ चा वर्ग, म्हणजे ३८४.१६. चूक १० टक्क्यांपर्यंत चालवली तर ९७ माणसं पुरतात. आणि गावात एकूण ४०० च कुटुंबं असतील तर दुरुस्ती करून १९६ च्या आसपास येतात. म्हणजे ३८४ हा काही मंत्र नव्हे. शिवाय हे सूत्र यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून केल्यासारखी, निवड गृहीत धरतं. ओळखीच्या ३८४ जणांना गूगल फॉर्म पाठवला तर हे गणित लागूच होत नाही.

लहान नमुन्याची किंमत ओळखून ठेवा. २० पैकी १२ जणी “हो” म्हणाल्या, तर ६० टक्के असं लिहिताना लक्षात ठेवा की खरा आकडा साधारण ३९ ते ८१ टक्क्यांच्या मधे कुठेही असू शकतो.

मोठा नमुना म्हणजे चांगला नमुना, असं नाही का?

नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि तरी अंदाज साफ चुकला. लँडन येतील म्हणाले, रूझवेल्ट प्रचंड मतांनी आले. नावं टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती, आणि पत्रिका परत पाठवण्याची तसदीही ठरावीक लोकांनीच घेतली. जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला.

घरचं उदाहरण साताऱ्याचं आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पीक-कापणी प्रयोगांवर काम करत होते. शेतातला लहानसा तुकडा आखून तेवढंच पीक कापायचं आणि त्यावरून उत्पादन काढायचं. त्यांनी दाखवून दिलं की तुकडा फार लहान घेतला की उत्पादन फुगून येतं, कारण कडेवरची रोपं माणसाच्या हातून आत धरली जातात. असे हजार तुकडे कापले तरी चूक तीच राहते, हजार वेळा.

मग नमुना निवडायचा कसा?

आधी यादी मिळवा: मतदारयादी, ग्रामपंचायतीचं घरपट्टीचं रजिस्टर, अंगणवाडीचं कुटुंबनिहाय सर्वेक्षण. प्रत्येक यादीतून कोण सुटतं ते लिहून ठेवा. घरपट्टीच्या रजिस्टरात गायरानावरची झोपडी नसते. यादीच नसेल तर ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या ‘असर’ सर्वेक्षणाची रीत शिकण्यासारखी आहे. प्रथम ही संस्था २००५ पासून हे सर्वेक्षण करते. जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं. गावाचे चार भाग करायचे, प्रत्येक भागाच्या मध्यापासून निघायचं, डावीकडचं दर पाचवं घर घ्यायचं, भागातून पाच घरं. साधं आहे, पण कार्यकर्त्याच्या मर्जीला त्यात जागा नाही. नाहीतर आपले पाय आपोआप रस्त्याकडेच्या, ओसरी असलेल्या, “या बसा” म्हणणाऱ्या घरांकडे वळतात.

आणि आता बीडमधली खरी अडचण. कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागली, प्रबंधाचं फिल्डवर्क करू म्हणून तुम्ही शिरूर कासार किंवा पाटोदा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर डिसेंबरपर्यंत जाता. दाराला कुलपं. कुटुंबं कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा कर्नाटकात तोडीला गेलेली. मार्च-एप्रिलशिवाय परत यायची नाहीत. एका विद्यार्थिनीने अशा वेळी शेजारची उघडी घरं घेतली आणि नमुना पूर्ण केला. मेहनत प्रामाणिक होती, पण तिच्या टेबलात स्थलांतराचं प्रमाण अगदी नगण्य आलं. येणारच, कारण जे गेले होते तेच वगळले गेले होते. बंद घराच्या जागी उघडं घर घेऊ नका. घर क्रमांक, तारीख, शेजाऱ्याने काय सांगितलं, हे वहीत नोंदवा आणि पुन्हा जा. जमलं तर हंगामात कारखान्याजवळच्या पालांवर जा. विषयाचं कॅलेंडर आणि विद्यापीठाचं कॅलेंडर जुळत नसेल, तर बदल आपल्या वेळापत्रकात करायचा.

मला मुलाखतींवर आधारित काम करायचं आहे. ते कमी दर्जाचं मानतात का?

मानणारे आहेत, आणि ते चूक आहेत. किती कुटुंबांत हजेरी घटते हे आकडे सांगतील. आजीच्या जिवावर मुलगी ठेवून जाताना आई काय विचार करते, हे मुलाखतच सांगेल. पंधरा-वीस सखोल मुलाखतींनंतर नवं काही येणं थांबलं की थांबा, आणि कधी थांबलं हे लिहा. एक कळकळीची विनंती: मुलाखत बोलीतच उतरवा. ‘उचल’ला घाईने ‘कर्ज’ किंवा ‘आगाऊ रक्कम’ लिहिलंत की त्या शब्दातलं बांधून घेणं निघून जातं, आणि तुमचं विश्लेषण नेमकं त्यावरच उभं राहणार असतं.

संमतीपत्रावर सही घेतली की पुरे ना?

सही ही शेवटची गोष्ट. कागदावर सही म्हटलं की माणूस बिचकतो. कशासाठी विचारताय, कुणाला दाखवणार, नाही म्हटलं तर काही बिघडत नाही, हे तोंडी समजावून सांगा आणि तोंडी संमती नोंदवा. “योजनेचा लाभ मिळेल का?” असं कुणी विचारलं तर तिथल्या तिथे स्पष्ट “नाही” म्हणा. सरपंच किंवा मुकादम शेजारी उभा असेल तर मजुरीचा प्रश्न विचारू नका. पाणी मागा, मुलांबद्दल बोला, नंतर पुन्हा या. नावाऐवजी क्रमांक वापरा आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळी ठेवा.

एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर घ्यावंच लागेल का?

नाही. एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये एमएचं बहुतेक काम होतं. जामोव्ही, पीएसपीपी आणि आर ही तिन्ही मोफत आहेत. नवख्याला जामोव्ही सोपं जातं. फोनवर माहिती भरायची असेल तर कोबोटूलबॉक्स नेटवर्क नसतानाही चालतं. चोरून बसवलेली प्रत वापरू नका, गरजच नाही.

सॉफ्टवेअरपेक्षा डेटा एंट्री जपा. उत्तर मिळालं नाही तर ९९ लिहायची पद्धत आहे. समजा ६० कुटुंबांत ५७ जणांच्या उत्तरांची सरासरी २ मुलं आहे आणि तिघांपुढे ९९ आहे. ते ९९ ‘माहिती नाही’ म्हणून वगळायला सांगितलं नाही, तर सरासरी ६.८५ मुलं येते. हे दिसतं तरी. पण वयाच्या रकान्यात एखादंच ९९ राहिलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून विश्लेषणाआधी प्रत्येक रकान्याची सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत पाहा.

मध्य, मध्यक, बहुलक यांतलं कधी काय वापरायचं?

मध्य म्हणजे सरासरी, मध्यक म्हणजे आकडे ओळीने लावल्यावर मधला, बहुलक म्हणजे सर्वांत जास्त वेळा येणारा. पाच शेतकऱ्यांकडे १, १.५, २, २.५ आणि ४३ एकर जमीन आहे. मध्य येतो १० एकर. दहा एकरांच्या जवळपासही त्यांच्यातला कुणी नाही. मध्यक २ एकर आहे, आणि गावाचं चित्र तेच सांगतो. जमीन, उत्पन्न, कर्ज यांसाठी मध्यक द्या, सोबत मध्यही द्या. दोन्हींतली दरी हीच माहिती असते. जात, धर्म, पिकाचा प्रकार यांना सरासरी नसते, तिथे बहुलक द्या. क्रमांक १, २, ३ दिले म्हणून जातीची सरासरी २.४ काढलेली टेबलं मी पाहिली आहेत.

काय-वर्ग कसोटी एकदा करून दाखवाल का?

समजा १२० स्त्रियांना विचारलं: बँकेतून पैसे तुम्ही स्वतः काढता का? बचत गटातल्या ६० पैकी ४२ “हो” म्हणाल्या, गटात नसलेल्या ६० पैकी २८. (आकडे कल्पित.) एकूण “हो” ७०, “नाही” ५०. गटाचा काहीच संबंध नसता, तर दोन्हीकडे ३५ “हो” आणि २५ “नाही” अपेक्षित होते. प्रत्येक चौकटीत प्रत्यक्ष आणि अपेक्षित यांत ७ चा फरक. त्याचा वर्ग ४९. ४९ भागिले ३५ म्हणजे १.४, असं दोनदा. ४९ भागिले २५ म्हणजे १.९६, असं दोनदा. बेरीज ६.७२. दोन ओळी, दोन रकाने म्हणून स्वातंत्र्यांश १, आणि ५ टक्के पातळीला कोष्टकातली किंमत ३.८४. आपली जास्त आहे, म्हणून फरक सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोगाचा वाटत नाही.

आता वाक्य कसं लिहाल? “बचत गटामुळे स्त्रिया बँक व्यवहार करू लागल्या” असं नाही. आधीपासून बँकेत जाणाऱ्या बायकाच गटात आल्या असतील. “गटातल्या ७० टक्के आणि गटाबाहेरच्या सुमारे ४७ टक्के स्त्रिया स्वतः पैसे काढतात, हा फरक सार्थक आहे” इतकंच. कुठल्याही चौकटीत अपेक्षित संख्या ५ पेक्षा कमी आली तर ही कसोटी तशीच लावू नका.

पी-व्हॅल्यू ०.०३ आली म्हणजे माझी परिकल्पना ९७ टक्के खरी, बरोबर?

चूक, आणि ही चूक प्राध्यापकही करतात. मुळात काहीच संबंध नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता १०० त ३, एवढाच त्याचा अर्थ. ०.०५ ही रेषा रोनाल्ड फिशर यांच्या १९२० च्या दशकातल्या लेखनातून रूढ झाली. ती सोय आहे. ०.०४९ ला आनंद आणि ०.०५१ ला शोक करू नका. आणि वीस कसोट्या लावून जी सार्थक आली तेवढीच छापू नका. काहीच संबंध नसला तरी वीसांत सरासरी एक योगायोगाने येते.

मग कारण सिद्ध कसं करायचं?

ज्या गावांत टँकर जास्त लागतात तिथून स्थलांतरही जास्त होतं. टँकरमुळे माणसं जात नाहीत. दोन्हींमागे दुष्काळ आहे. कारणाकडे जायचं तर तुलनेचा गट लागतो. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत तपासली, तेव्हा ३९ गावांत आरोग्यदूतांचं काम सुरू केलं आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. आधीची दोन वर्षं फक्त मोजणी केली. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी खाली आला. हे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्यातली आधीची मोजणी आणि ती ४७ गावं काढून टाकली, तर तो दावा उभाच राहत नाही. तुम्हाला एमएला हे शक्य नाही. तुम्ही “संबंध दिसतो” लिहा आणि आणखी कोणती कारणं असू शकतात ती प्रामाणिकपणे मांडा.

स्वतः सर्वेक्षण न करता तयार माहितीवर प्रबंध होतो का?

होतो, आणि कित्येकदा जास्त चांगला होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरातली ६,३६,६९९ कुटुंबं आहेत. हे काम मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असतं. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाची श्रमबल आणि खर्चाची सर्वेक्षणं घटक पातळीवर, म्हणजे एकेका कुटुंबाच्या नोंदीसकट, मोफत मिळतात. तारीख मात्र तपासा: त्या पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम २०१९ मध्ये, कोविडच्या आधी झालं, त्यामुळे त्यावरून महामारीचा परिणाम सांगता येणार नाही.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, काय विचारतात? सोबत काय न्यावं?

हेच गाव का, हीच घरं कशी निवडली, किती जणांनी नकार दिला, हे पहिल्या दहा मिनिटांत येतं. एखादं टेबल उघडून “या १७ बायका कोण?” असंही विचारतात. प्रत्येक टेबलाखालचा एकूण आकडा नमुन्याशी जुळतो का, आणि जुळत नसेल तर का, हे आदल्या रात्री पाहून ठेवा. भरलेल्या अनुसूचींचा गठ्ठा न्या, पायलटमध्ये खोडलेली जुनी प्रत न्या, आणि बंद घरांची ती वही न्या, तारखांसकट.